हलकी रायफल आणि जड धक्का : प्रतिक्षेपाचे गणित व तो सांभाळण्याचे उपाय

पाठाची उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यावर विद्यार्थ्यांना पुढील गोष्टी जमाव्यात :

१. संवेग अक्षय्यतेच्या नियमावरून रायफलीचा प्रतिक्षेप वेग व प्रतिक्षेप ऊर्जा काढणे.
२. रायफल हलकी केल्यावर धक्का का वाढतो आणि किती वाढतो, हे आकड्यांनी दाखवणे.
३. रबरी गादी, दस्त्याचा आकार, नळीच्या तोंडावरील ब्रेक, कमी दारूचे काडतूस आणि पकड या उपायांपैकी प्रत्येक उपाय नेमक्या कोणत्या राशीवर काम करतो, हे ओळखणे.

प्रस्तावना

शाळेच्या पुस्तकात बंदुकीचे उदाहरण आपण सर्वांनी सोडवलेले असते. गोळीचे वस्तुमान आणि वेग दिलेला असतो, बंदुकीचे वस्तुमान दिलेले असते, आणि बंदूक किती वेगाने मागे येईल ते काढायचे असते. दोन ओळींत उत्तर येते आणि आपण पुढच्या गणिताकडे वळतो. मात्र त्या उत्तरानंतर खांद्याचे काय होते, नेम का चुकतो आणि हे टाळण्यासाठी बंदूक बनवणारे काय करतात, हे तिथे सांगितलेले नसते. या पाठात आपण तेच पाहणार आहोत.

उदाहरणासाठी आपण जुन्या मद्रास इलाख्यातील एक रायफल घेऊ. त्या इलाख्याची राजधानी मद्रास, म्हणजे आजचे चेन्नई. इलाख्याच्या सेलम जिल्ह्यातील जंगलांत केनेथ अँडरसन (१९१० ते १९७४) हे बंगलोरचे शिकारी आणि लेखक फिरत असत. जवळगिरीच्या नरभक्षक वाघिणीची त्यांची कथा प्रसिद्ध आहे. ते गाव आता तामिळनाडूच्या कृष्णगिरी जिल्ह्यात आहे. अँडरसन यांच्या हाती बहुतेक वेळा विंचेस्टर कंपनीची १८९५ मॉडेलची .४०५ रायफल असे. तिचे वजन पावणेचार किलोच्या आसपास, म्हणजे खांद्याला अडकवून दिवसभर चालता येईल इतके होते. तिचे काडतूस मात्र जबरदस्त होते आणि खांद्याला बसणाऱ्या धक्क्याबद्दल ती बदनामही होती. हलके वजन आणि जबर काडतूस एकत्र आले की काय होते, हे समजून घ्यायला याहून चांगले उदाहरण मिळणार नाही.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करू. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ९ नुसार भारतात वन्य प्राण्यांची शिकार हा गुन्हा आहे. १९९१ च्या दुरुस्तीनंतर परवाना काढून शिकार करण्याची उरलीसुरली वाटही बंद झाली. माणसाच्या जिवाला धोकादायक ठरलेल्या प्राण्याबाबत कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक लेखी आदेश देऊ शकतात. म्हणून शिकारी रायफल इथे इतिहासातले उदाहरण म्हणून घेतली आहे. तिच्यामागचे भौतिकशास्त्र मात्र नेमबाजीच्या खेळात, सैन्यात, वनखात्याच्या कामात आणि रणगाड्याच्या तोफेतही तसेच्या तसे लागू पडते.

१. संवेगाचा हिशेब

चाप ओढण्यापूर्वी रायफल, गोळी आणि दारू ही तिन्ही स्थिर असतात, म्हणून एकूण संवेग शून्य असतो. बार झाल्यावर गोळी पुढे जाते आणि जळलेल्या दारूचा वायूही पुढे जातो. त्या दोघांचा मिळून जितका संवेग पुढे गेला, तितकाच रायफलीला मागच्या दिशेने मिळतो.

शाळेच्या गणितात वायू सोडून दिलेला असतो, पण इथे तो सोडता येत नाही. दारूचे वस्तुमान कमी असले तरी वायू गोळीपेक्षा बऱ्याच जास्त वेगाने बाहेर पडतो.

.४०५ काडतुसाचे आकडे घेऊ. गोळीचे वस्तुमान ३०० ग्रेन, म्हणजे १९.४ ग्रॅम. नळीच्या तोंडाशी वेग सुमारे ६७० मीटर प्रति सेकंद. दारू ३.५ ग्रॅम धरू आणि बाहेर पडणाऱ्या वायूचा सरासरी वेग १२०० मीटर प्रति सेकंद धरू.

गोळीचा संवेग = ०.०१९४ × ६७० = १३.० किग्रॅ·मी/से
वायूचा संवेग = ०.००३५ × १२०० = ४.२ किग्रॅ·मी/से
एकूण = १७.२ किग्रॅ·मी/से

जवळजवळ पाव हिस्सा वायूचा आहे. हा पाव हिस्सा लक्षात ठेवा, कारण पुढे ब्रेकचे काम समजून घेताना तो उपयोगी पडेल.

रायफलीचे वस्तुमान ३.८ किलो धरले, तर

प्रतिक्षेप वेग = १७.२ ÷ ३.८ = ४.५ मी/से
प्रतिक्षेप ऊर्जा = (संवेगाचा वर्ग) ÷ (२ × रायफलीचे वस्तुमान) = २९५.८ ÷ ७.६ = सुमारे ३९ ज्यूल

आता गोळीची गतिज ऊर्जा काढा. ती सुमारे ४३५० ज्यूल येते. रायफलीच्या वाट्याला तिचा शंभरावा भागही येत नाही. संवेग दोन्हीकडे सारख्याच मापाचा असतो, पण ऊर्जा तशी वाटली जात नाही. हलक्या वस्तूकडे ऊर्जेचा मोठा वाटा जातो. रायफल गोळीच्या मानाने पुष्कळ जड आहे, म्हणूनच बार काढणारा माणूस सुखरूप राहतो. रायफल जितकी हलकी करत जाल, तितका हा फायदा कमी होत जातो.

२. वजन कमी केल्याची किंमत

डोंगरात चढणाऱ्याला प्रत्येक शंभर ग्रॅम जाणवतात. म्हणून नळी आखूड व बारीक करणे, लाकडाऐवजी फायबरचा दस्ता लावणे, पोलादाऐवजी काही भाग ॲल्युमिनियम किंवा टायटॅनियमचे करणे, असे उपाय रायफल बनवणारे करत आले आहेत. काडतूस तेच ठेवून वजन घटवले, तर वरच्याच सूत्रावरून पुढील आकडे येतात :

| रायफलीचे वस्तुमान | प्रतिक्षेप वेग | प्रतिक्षेप ऊर्जा |
|---|---|---|
| ३.८ किलो | ४.५ मी/से | ३९ ज्यूल |
| ३.२ किलो | ५.४ मी/से | ४६ ज्यूल |
| २.७ किलो | ६.४ मी/से | ५५ ज्यूल |

संवेग तिन्ही ओळींत तोच, १७.२, आहे. वजन सुमारे तीस टक्के घटवले आणि ऊर्जा चाळीस टक्के वाढली. प्रतिक्षेप ऊर्जा वस्तुमानाच्या व्यस्त प्रमाणात असते, हे या तक्त्यातून दिसते.

इतिहासातही याचा दाखला आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी ली-एनफिल्ड रायफलीची एक हलकी, आखूड आवृत्ती काढली. तिचे अधिकृत नाव क्रमांक ५, पण ती 'जंगल कार्बाइन' या नावाने ओळखली जाते. मूळ क्रमांक ४ रायफल सुमारे ४.१ किलोची होती, ही ३.२ किलोवर आणली. काडतूस तेच .३०३ राहिले. नळी आखूड झाल्याने गोळीचा वेग थोडा घटला, तरी हिशेब केला तर प्रतिक्षेप ऊर्जा सुमारे १६ ज्यूलवरून १९ ज्यूलच्या पुढे जाते. तोंडाशी होणारी ज्वालाही वाढली, म्हणून नळीला फनेलसारखे ज्वालारोधक टोक बसवावे लागले. धक्का सोसवावा म्हणून दस्त्याला रबर लावले, पण ते दस्त्यापेक्षा अरुंद होते. त्याचा परिणाम काय झाला असेल, याचा विचार पुढचा भाग वाचण्यापूर्वी स्वतः करून पाहा.

३. खांद्यावर येणारे बल

खांद्याला दुखापत होते ती बलामुळे, आणि त्याहीपेक्षा दाबामुळे. संवेग ठरलेला असतो. तो किती वेळात आणि किती क्षेत्रफळावर उतरतो, ते मात्र आपल्या हातात असते.

गोळी नळीतून साधारण दीड मिलिसेकंदाच्या आत बाहेर पडते. तेवढ्या वेळात रायफलीवर येणारे सरासरी बल दहा हजार न्यूटनच्या घरात जाते. हे बल खांद्यावर येत नाही, ते रायफलीला मागे ढकलण्यात खर्च होते. गोळी बाहेर पडेपर्यंत रायफल जेमतेम ३ मिलिमीटर मागे सरकलेली असते. खांद्याचे काम त्यानंतर सुरू होते. ४.५ मी/से वेगाने येणारी ३.८ किलोची वस्तू त्याला थांबवायची असते.

समजा स्नायू आणि कपडे मिळून २.५ सेंटीमीटर दबले आणि तेवढ्या अंतरात रायफल थांबली.

सरासरी बल = ऊर्जा ÷ अंतर = ३९ ÷ ०.०२५ = १५६० न्यूटन

आता दस्त्याला जाड रबरी गादी लावली आणि तिने आणखी १ सेंटीमीटर दबून दिले, तर

सरासरी बल = ३९ ÷ ०.०३५ = सुमारे १११० न्यूटन

गादीने संवेग कमी केला नाही. तिने फक्त थांबण्याचे अंतर आणि वेळ वाढवला. झेल घेताना क्षेत्ररक्षक हात मागे नेतो, ते याच कारणासाठी. (प्रत्यक्षात खांदाही मागे जातो, म्हणून हे आकडे ढोबळ अंदाज आहेत. पण दोन्ही आकड्यांची तुलना योग्य आहे.)

यानंतर क्षेत्रफळाचा विचार करू. अँडरसन यांच्या काळातील पुष्कळ रायफलींच्या दस्त्याला टोकाशी गादी नसून पोलादी पट्टी असे. समजा पोलादी पट्टीचा २५ चौरस सेंटीमीटर भाग खांद्याला टेकतो आणि रुंद रबरी गादीचा ५० चौरस सेंटीमीटर. वरची बले घेतली, तर पट्टीखाली दाब सुमारे ६२० किलोपास्कल येतो आणि गादीखाली सुमारे २२० किलोपास्कल. दाब जवळजवळ एक तृतीयांश झाला. यातले काही श्रेय वाढलेल्या अंतराला जाते आणि मोठे श्रेय क्षेत्रफळाला.

आता जंगल कार्बाइनचे उत्तर सापडेल. तिच्या अरुंद रबराने अंतर थोडे वाढवले, पण क्षेत्रफळ घटवले. म्हणून रबर असूनही सैनिकांची तक्रार राहिलीच. उपाय निवडताना तो सूत्रातील कोणती राशी बदलतो आणि त्याच वेळी दुसरी कोणती राशी बिघडवतो, हे दोन्ही पाहावे लागते.

४. नळी वर का उचलली जाते?

रायफल नुसती सरळ मागे येत नाही. नळीचा अक्ष सहसा खांद्याच्या टेकणीच्या वर असतो. मागे ढकलणारे बल वरून आणि त्याला अडवणारे बल खालून, अशी जोडी तयार होते. त्यामुळे बल आघूर्ण निर्माण होऊन नळीचे तोंड वर उचलले जाते. जुन्या रायफलींचा दस्ता बराच खाली उतरलेला असे, त्यामुळे हे अंतर जास्त असे. तोंड वर जाताना दस्त्याची वरची कड गालावर आपटते, ही त्याचीच दुसरी बाजू.

हे अंतर ५ सेंटीमीटर आणि खांद्याभोवतीचे जडत्व आघूर्ण १.१ किग्रॅ·मी² धरले, तर गोळी नळीत असतानाच रायफल सुमारे ०.०००५७ रेडियन वळते. हा कोन डोळ्याला दिसणार नाही. पण १०० मीटरवर त्याने गोळी साडेपाच सेंटीमीटरहून अधिक वर जाते.

मग नेम लागतो कसा? माशी आणि दुर्बीण जुळवतानाच हा फरक हिशेबात धरलेला असतो. अडचण वेगळीच आहे. रायफल आज घट्ट धरली, उद्या सैल धरली, एकदा मऊ पिशवीवर टेकवली आणि एकदा दगडावर, तर हा कोन दर वेळी बदलतो. जड रायफलीचे जडत्व आघूर्ण मोठे असल्याने ती अशा बदलांना फारशी दाद देत नाही, हलकी रायफल मात्र लगेच देते. हलकी रायफल 'नखरेल' असते असे म्हणतात, त्यामागे मुख्यतः हेच कारण आहे.

यावर उपाय म्हणजे सरळ दस्ता. दस्त्याची रेषा नळीच्या अक्षाच्या जितकी जवळ आणावी, तितके आघूर्ण कमी होते. आधुनिक सैनिकी रायफलींचा दस्ता नळीच्या सरळ रेषेत असतो तो यासाठीच. नेमकाठी मग डोळ्याच्या उंचीवर आणण्यासाठी वर उचलून बसवावी लागते.

५. नळीच्या तोंडावरील ब्रेक

पहिल्या भागातील वायूचा पाव हिस्सा आता कामाला येतो. गोळी बाहेर पडते त्या क्षणी नळीतला वायू गोळीच्या साधारण निम्म्या सरासरी वेगाने पुढे चाललेला असतो. तोपर्यंत रायफलीला मिळालेला संवेग असा :

गोळीमुळे १३.० + वायूमुळे (०.००३५ × ३३५) १.२ = १४.२ किग्रॅ·मी/से

उरलेला ३.० संवेग गोळी गेल्यानंतर, वायू अग्निबाणासारखा झपाट्याने बाहेर पडताना मिळतो. नळीच्या तोंडाला बाजूने भोके असलेला ब्रेक बसवला, तर हा वायू पुढे न जाता दोन्ही बाजूंना वळतो. पूर्णपणे बाजूला वळला असे धरले, तर हा ३.० संवेग वाचतो.

नवी प्रतिक्षेप ऊर्जा = (१४.२ चा वर्ग) ÷ ७.६ = सुमारे २६.५ ज्यूल

म्हणजे ३९ ज्यूलवरून जवळजवळ एक तृतीयांश घट. भोके मागच्या बाजूला कललेली असतील, तर वायू रायफलीला उलट पुढे ओढतो आणि घट आणखी वाढते. भोके वरच्या बाजूला असतील, तर वायूचा झोत तोंड खाली दाबतो आणि उचल कमी होते.

याच हिशेबावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला, ब्रेक फक्त वायूच्या हिश्श्यावर काम करतो. ज्या काडतुसात गोळीच्या मानाने दारू जास्त, तिथे तो जास्त उपयोगी. .२२ च्या छोट्या काडतुसात दारू नाममात्र असते, तिथे धक्का कमी करण्यासाठी ब्रेक लावण्यात अर्थ नाही. दुसरा, तो वायू बाजूला गेला तरी नाहीसा होत नाही. तो आणि त्याचा आवाज शेजाऱ्याकडे व बार काढणाऱ्याच्या स्वतःच्या कानाकडे वळतो. मोठ्या रायफलीचा आवाज १६० डेसिबलच्या आसपास असतो आणि १४० डेसिबलच्या वरचा क्षणिक आवाजही कानाला कायमची इजा करू शकतो. ब्रेकने खांदा वाचतो, पण कानसंरक्षक नसेल तर तोच धक्का कान सोसतो. शिकारीत बंदुकीशेजारी माग काढणारा माणूस उभा असे, आणि त्याचा खांदा सुरक्षित असला तरी कान उघडेच असत. म्हणून ब्रेक लावलेल्या रायफलीच्या बाजूला कोणी उभे राहू नये आणि बार काढणाऱ्यानेही दोन्ही कान झाकावेत, हा नियम अपवादाशिवाय पाळावा.

६. काडतूस बदलणे

सर्वांत सोपा उपाय म्हणजे मुळात कमी संवेगाचे काडतूस. जिम कॉर्बेट यांना चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्यानंतर १९०७ साली रिग्बी कंपनीची .२७५ रायफल भेट मिळाली आणि पुढे ती त्यांची आवडती झाली. या काडतुसाची गोळी १४० ग्रेनची, म्हणजे ९.१ ग्रॅमची धरू. वेग ८२० मी/से, दारू ३ ग्रॅम आणि रायफल ३.४ किलोची धरली, तर एकूण संवेग सुमारे ११.१ आणि प्रतिक्षेप ऊर्जा सुमारे १८ ज्यूल येते. रायफल अँडरसन यांच्या रायफलीपेक्षा हलकी, तरी धक्का निम्म्याहून कमी! संवेग ऊर्जेच्या सूत्रात वर्गाने येतो आणि वस्तुमान पहिल्या घातानेच येते. म्हणून वजन वाढवण्यापेक्षा संवेग घटवणे जास्त परिणामकारक ठरते.

तेच काडतूस ठेवून वेग दहा टक्के कमी केला, तरी फरक पडतो. .४०५ मध्ये गोळी ६०३ मी/से वेगाने सोडली आणि दारू ३.१ ग्रॅम केली, तर एकूण संवेग १५.४ आणि प्रतिक्षेप ऊर्जा सुमारे ३१ ज्यूल होते. वीस टक्के घट मिळते. मात्र गोळीची ऊर्जाही जवळजवळ तितकीच घटते. धक्का कमी आणि मारा तेवढाच, असे निसर्ग कुणाला देत नाही.

७. माणसाचा भाग : पकड आणि दचकणे

रायफल खांद्याला घट्ट लावून धरावी, असे प्रत्येक प्रशिक्षक सांगतो. त्यामागे दोन कारणे आहेत. दस्ता आणि खांदा यांत बोटभर फट राहिली, तर रायफल पूर्ण वेग घेऊन खांद्यावर आदळते. त्यात ती तिरपी आली, तर सगळा भार कॉलरच्या हाडावर किंवा दंडावर, लहानशा जागी पडतो. दस्ता खांद्याच्या खळगीत नीट बसवला, तर पूर्ण क्षेत्रफळ कामाला येते. शिवाय हात आणि खांद्याचे वस्तुमान रायफलीला जोडले जाऊन ती लवकर मंदावते. उभे राहून बार काढला, तर धड मागे झुकते आणि थांबण्याचे अंतर वाढते. पालथे झोपल्यावर खांद्याला मागे जायला तेवढी मोकळीक नसते, म्हणून तोच धक्का जास्त लागतो.

दुर्बीण बसवलेली असेल, तर डोळा आणि काच यांत पुरेसे अंतर हवे. जबर धक्क्याच्या रायफलीला ते आठ-दहा सेंटीमीटर ठेवतात. कमी पडले, तर दुर्बिणीची कड भुवईवर बसते.

यापुढचा मुद्दा यंत्राचा नाही, मनाचा आहे. धक्क्याची धास्ती घेतलेला माणूस चाप ओढतानाच डोळे मिटतो, खांदा पुढे ढकलतो, हात आवळतो. यालाच दचकणे म्हणतात. ही धक्क्यावरची प्रतिक्रिया आहे, असा सर्वसाधारण समज आहे. हिशेब करून पाहा. माणसाला आवाज किंवा स्पर्श जाणवून स्नायू हलेपर्यंत साधारण शंभर ते दोनशे मिलिसेकंद लागतात. गोळी तर दीड मिलिसेकंदात नळीबाहेर जाते. म्हणजे नेम बिघडवणारे दचकणे धक्क्यानंतरचे असूच शकत नाही. ते धक्क्याच्या आधीचे, अपेक्षेतून आलेले असते.

हे ओळखण्याची जुनी युक्ती आहे. साथीदाराने खऱ्या काडतुसांत मधूनच एक रिकामे, नुसते सरावाचे काडतूस भरायचे. बार काढणाऱ्याला ते कधी येणार हे ठाऊक नसते. चाप ओढल्यावर नुसता 'टक' आवाज आला आणि तरी नळीचे तोंड खाली बुडाले, तर दोष कुठे आहे ते सर्वांना दिसते. उपायही तिथेच आहे : हलक्या काडतुसावर परत जाणे, कान झाकणे, चाप सावकाश दाबणे आणि एका बैठकीत थोडेच बार काढणे.

हा मुद्दा किरकोळ नाही. जंगलात चुकलेल्या नेमाचा अर्थ बहुधा जखमी जनावर असा होई. ते वेदनेत तडफडे, आणि त्याचा माग काढायला जाणाऱ्या माणसाचा जीवही धोक्यात येई. पाव किलो वजन वाचवण्यासाठी घेतलेल्या रायफलीने धास्ती बसली आणि नेम गेला, तर ती बचत महागात पडली असेच म्हणावे लागेल.

८. हेच तत्त्व इतरत्र

*नेमबाजीचा खेळ.* कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात ४५१.४ गुणांनी कांस्यपदक मिळवले. या प्रकारात .२२ ची गोळी वापरतात आणि रायफल ८ किलोपर्यंत चालते. २.६ ग्रॅमची गोळी ३३० मी/से वेगाने सुटली, तर ८ किलोच्या रायफलीचा प्रतिक्षेप वेग जेमतेम ०.११ मी/से आणि ऊर्जा ०.०५ ज्यूल येते. इथे वजन ओझे नसून मदतनीस आहे, कारण खेळाडूला डोंगर चढायचा नसतो.

*वनखात्याची भूल देण्याची बंदूक.* २०२१ साली नीलगिरी जिल्ह्यात गुडलूर आणि मसिनगुडी भागात टी-२३ हा वाघ माणसांच्या मृत्यूंमुळे चर्चेत होता. त्याला ठार मारण्याऐवजी पकडावे, असा कल चेन्नई येथील मद्रास उच्च न्यायालयाने दाखवला. १५ ऑक्टोबर २०२१ रोजी वनखात्याने त्याला भूल देऊन जिवंत पकडले. अशा बंदुकीतून सुटणारी सुई समजा १२ ग्रॅमची आणि ७० मी/से वेगाची असेल, तर संवेग केवळ ०.८४ येतो. ३ किलोच्या बंदुकीला तो जाणवतही नाही. धक्क्याची धास्ती नसलेल्या माणसाचा हात स्थिर राहतो, हा याचा एक लाभ.

*रणगाड्याची तोफ.* चेन्नईजवळ आवडी येथील कारखान्यात अर्जुन रणगाडे तयार होतात. तोफेला खांदा नसतो, तर द्रवभरलेल्या नळकांड्यांची प्रतिक्षेप यंत्रणा असते. बार होताच नळी मागे सरकते, द्रव बारीक छिद्रांतून ढकलला जातो आणि ऊर्जा उष्णतेत जाते. मग दाबलेली स्प्रिंग किंवा वायू नळीला पुन्हा जागेवर आणतो. बल = ऊर्जा ÷ अंतर हे रबरी गादीचे सूत्र इथेही तेच आहे.

सारांश

प्रतिक्षेपाचा संवेग गोळी आणि वायू मिळून ठरवतात. वजन वाढवले तर तो संवेग कमी होत नाही, त्यातून येणारी ऊर्जा कमी होते. गादी थांबण्याचे अंतर वाढवते, रुंद दस्ता क्षेत्रफळ वाढवतो, सरळ दस्ता आघूर्ण घटवतो, ब्रेक वायूचा वाटा वळवतो आणि हलके काडतूस मूळ संवेगच कमी करते. पकड आणि सराव यांनी माणूस या सगळ्याचा लाभ घेऊ शकतो. हलकी रायफल निवडणाऱ्याने काडतूसही त्या बेताचे निवडावे, हा या सर्व गणितांचा एकत्रित अर्थ.

सरावासाठी प्रश्न

१. २.७ किलोच्या .४०५ रायफलीच्या दस्त्यात ४०० ग्रॅम शिसे भरले. प्रतिक्षेप ऊर्जा किती टक्के घटेल? (उत्तर : सुमारे १३ टक्के)

२. कुसाळे यांच्या प्रकारातील .२२ काडतूस ३ किलोच्या रायफलीतून सोडले, तर प्रतिक्षेप ऊर्जा किती पट होईल? सूत्र न सोडवता, केवळ प्रमाणावरून उत्तर द्या.

३. एका काल्पनिक तोफेत गोळा ७ किलोचा, वेग १६०० मी/से. दारू ८ किलो, वायूचा सरासरी वेग १५०० मी/से. मागे सरकणाऱ्या भागाचे वस्तुमान २००० किलो आणि सरकण्याचे अंतर ३० सेंटीमीटर. रणगाड्यावर येणारे सरासरी बल काढा. (उत्तर : सुमारे ४५० किलोन्यूटन)

४. ब्रेक लावल्यावर एकूण संवेगाची अक्षय्यता मोडली असे एका विद्यार्थ्याने लिहिले. त्याचे म्हणणे का चूक आहे, ते वायूच्या दिशेचा विचार करून चार ओळींत लिहा.

५. अरुंद पण जाड गादी आणि रुंद पण पातळ गादी, यांपैकी चांगली कोणती? बल आणि दाब या दोन्हींचा हिशेब करून, कोणत्या परिस्थितीत कोणती निवडाल ते स्पष्ट करा.